पाचवं प्रकरण

तोंडी परीक्षा संपली. आम्ही बाकीच्या परीक्षकांनी दा-उनच्या प्रबंधाच्या मंजुरीपत्रावर सहीऐवजी आपापले लाल शिक्के उमटवले आणि तो कागद तिचे मार्गदर्शक नामगुंग सर यांच्यापुढे सरकवला. त्यांच्या शिक्क्यावाचून पदवी नाही आणि पदवीवाचून बुसानच्या कॉलेजातली नोकरी नाही. दाराबाहेर तिची आई फुलं घेऊन उभी होती.

सरांनी शिक्का शाईला टेकवला, उचलला, पुसला आणि परत पिशवीत ठेवला.

"मी देणार नाही."

दा-उनचा चेहरा पांढराफटक पडला. मला राहवलं नाही. "अहो सर, पोरीनं पानोपानी तुमच्या सिद्धांताचे गोडवे गायलेत. अजून किती गायला हवेत?"

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दा-उन, पाचवं प्रकरण कुठंय?"

"काढून टाकलं, सर." तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "त्यात तुमचा सिद्धांत चुकीचा ठरत होता. ते वाचल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकलंत. जेवायलासुद्धा दुसऱ्या टेबलावर बसायला लागलात. मला वाटलं, रागावलात."

"रागावलो होतोच. जन्मभर जे शिकवलं, ते तू एका प्रकरणात पाडलंस." सरांनी पिशवीची नाडी आवळली. "जा, ते प्रकरण परत घालून आण. तोवर मी इथंच बसतो. आणि बोलणं टाकलं नव्हतं गं, उत्तर शोधत होतो. अजून सापडलेलं नाही."