मास्तरांचा गुडघा

“पपा, ते क्रीम माझ्या लेकीचं आहे. कुत्र्याला फासायला नाही आणलेलं.”

“बोटभर घेतोय गं,” सेनोबियो मास्तर म्हणाले, आणि अर्धी बाटली त्यांनी डबीत पिळून घेतली.

नेलिदाने कपाळावर हात मारला. उद्या सकाळी तिचे वडील टेकडीवर फिरायला जाणार होते. बरोबर ओतिलियाबाई आणि त्यांचा कुत्रा. कुत्रा आमच्या मुलखातल्या जातीचा, अंगावर औषधालासुद्धा केस नाही. उन्हात त्याची कातडी माणसासारखीच भाजते, म्हणून हा क्रीमचा खटाटोप.

“आणि गुडघ्याचं काय?” तिने विचारलं. “दर मंगळवारी-शुक्रवारी कुत्र्याचा शेक घेत झोपता, आणि आता टेकडी चढणार?”

“हळूहळू चढेन.”

केस नसलेला कुत्रा दुखऱ्या सांध्याशी झोपवला की आराम पडतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दोन वर्षांपूर्वी, जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, मास्तरांचा गुडघा खरंच आखडला होता. बाजारात झाडपाला विकणारीला ते गाऱ्हाणं सांगत होते, तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, “माझा कुत्रा न्या की. संध्याकाळी सहाला या. त्याआधी मात्र नको.” त्या ओतिलियाबाई. नवरा गेल्यावर नुकत्याच गावात राहायला आल्या होत्या.

गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला. मास्तर काही बरे झाले नाहीत. कुत्रा आणायला संध्याकाळी आणि परत द्यायला सकाळी बाईंच्या दारात उभं राहायला मिळत होतं. ते सोडून ठणठणीत व्हायला ते काही खुळे नव्हते. दोन वर्षं ते इमानेइतबारे लंगडत होते.

पण परवा, रविवारी, बाईंचा मुलगा लिमाहून येणार होता. आईला कायमची न्यायला. उद्या टेकडीवर बसून मास्तर सगळं कबूल करणार होते. गुडघा खोटा, बाकी सगळं खरं, तेव्हा जाऊ नका. दोन वर्षांचं खोटं ऐकून बाई तोंड फिरवून चालू लागल्या तर? त्या धास्तीने त्यांना दोन दिवस घास गोड लागला नव्हता.

सहाच्या ठोक्याला ते बाईंच्या दारी गेले. बाईंनी नेहमीसारखं दोरीचं अगदी टोक पुढे केलं. हाताला हात लागू नये म्हणून इतकी जपणारी बाई मास्तरांनी दुसरी पाहिली नव्हती.

“रताळी मी उकडते,” बाई म्हणाल्या. “भाजलेला मका तुम्ही आणा. जायचं कालव्याच्या वाटेने आणि यायचंही त्याच वाटेने.”

“पलीकडून उतरलो तर झाडांची सावली आहे. खाली रिक्षाही मिळते.”

“पलीकडे नको.”

“का बरं?”

“नको म्हटलं ना, मास्तर! वर्गात पोरांना एवढे प्रश्न विचारू देत होतात का?”

मास्तर हसले. “जा रे तिसोन, शहाण्यासारखा राहा,” बाई कुत्र्याला म्हणाल्या. कुत्र्याने ढिम्म लक्ष दिलं नाही. “कान जड झालेत बिचाऱ्याचे,” त्या घाईने म्हणाल्या.

शनिवारी सातलाच लख्ख ऊन पडलं होतं. मास्तर कुत्र्याला क्रीम चोपडून आणि लंगडत हजर झाले. पाऊण तासाची चढण, पण त्यांनी लंगडण्याच्या नादात तासभर लावला. माथ्यावर बसून दोघांनी रताळी खाल्ली, मका संपवला. कबुलीऐवजी मास्तर हवापाण्याचंच बोलत राहिले. तोवर कुत्र्याची पाठ लाल दिसू लागली.

“बाई, ह्याला भाजतंय. आज पलीकडूनच उतरू या.”

“मास्तर, नको, ऐका माझं—”

कुत्र्याने पलीकडच्या उताराकडे नाक वर केलं. एक हिसका दिला. दोरी मास्तरांच्या हातातून सुटली आणि कुत्रा दगडांवरून खाली सुसाट निघाला.

बाईंचा कुत्रा आपल्या हातून हरवणार! मास्तरांनी पुढचामागचा विचार केला नाही. ते पळाले. दोन्ही पायांवर, पोरासारखे. एक चर उडी मारून पार केला, दुसरा केला, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी वळून पाहिलं. माथ्यावर बाई तोंडावर हात ठेवून त्यांच्या पायांकडे बघत होत्या.

पायथ्याला एका मळ्याच्या फाटकाशी कुत्रा शेपूट हलवत उभा होता. मास्तरांनी दोरी धरली. बाई सावकाश उतरून आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बाई, मी आज सांगणारच होतो—”

“काही बोलू नका,” बाई खाली मान घालून म्हणाल्या.

संपलं, मास्तरांना वाटलं. अशा बाईला आपण दोन वर्षं फसवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

इतक्यात फाटक उघडून गवती टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी बाहेर आला.

“सुल्तान! आलास का रे घरी?” त्याने हाक मारताच कुत्र्याने उडी मारून त्याचं तोंड चाटलं. मग त्याला बाई दिसल्या. “अगं ओतिलिया, आज इतक्या लवकर परत आणलास? बरं झालं, सुटलीस एकदाची! दोन वर्षं टेकडी ओलांडून माझा कुत्रा न्यायचा काय, आणून द्यायचा काय, आणि तेही कुत्रं दिसलं की लहानपणी माझ्या पाठीमागे लपणाऱ्या बहिणीने!”

“एलादियो, पुरे,” बाई पुटपुटल्या.

“पुरे काय? गुरुवारी इथेच बसून रडलीस ना, त्या लंगड्याने एकदा ‘राहा’ म्हटलं असतं तर पोराला ‘येऊ नकोस’ असं कळवलं असतं म्हणून? बरं, ते राहू दे. हे एवढे धावत आलेले पाहुणे कोण?”