मोटरीखालचा कागद

सासऱ्यांनी हातानं घडवलेलं छोटं पितळी रेल्वेइंजिन उद्या त्यांच्या वर्षश्राद्धाला ओसाकाहून येणाऱ्या नातलगांसमोर धावायचं होतं, आणि चियोनोनं बसवलेली नवी नियंत्रक चिप धूर सोडून जळाली. “नको तिथे हात घातलास. बाबांची मोटर घालवलीस,” तिचा नवरा तोराओ कडाडला. चियोनोनं दात आवळून मीटर लावलं. मोटरीची वीज थेट इंजिनाच्या पितळी सांगाड्यात उतरत होती. तिनं मोटर उचलली; खाली पितळ लखलखत होतं. “वीज अडवायला बाबांनी मधे घातलेला कागद कुठंय?” “वर्षअखेरच्या साफसफाईत मीच फेकला. मळका होता. नंतरही धावलंच की.” “जुन्या जोडणीला चाललं, चिपला नाही.” तिनं त्याच्या खिशातलं, तो लोकांना वाकून दोन्ही हातांनी देई ते व्हिजिटिंग कार्ड काढलं, नावासकट कापून मोटरीखाली सरकवलं, उरलेली शेवटची चिप जोडली. इंजिन धावलं. “माझं कार्ड…” “असू द्या. बाबांच्या कामी पहिल्यांदाच आलात.”