आधीच केलेली टिक

वडिलांची बाही वर सारून नर्सने पेनिसिलिनची सिरिंज उचलली, तेव्हा मुलीची नजर सहज कॉम्प्युटरवर गेली आणि तिथेच खिळली. पडद्यावरचा हा दवाखान्याचा फॉर्म तिनेच बनवलेला. ‘ॲलर्जी विचारली’ या चौकटीत टिक होती. टेस्टिंग करताना दर वेळी क्लिक करायचा कंटाळा, म्हणून तिने तो फॉर्म टिकसकटच उघडेल अशी सोय केली होती. नंतर काढू म्हटलं आणि राहूनच गेलं. “सिस्टर, थांबा! बाबांना ॲलर्जीचं विचारलंत?” “विचारलंय की. ही बघा टिक.” वडील कसनुसं हसले. “मला कुणी काही विचारलं नाही गं. तू तान्ही असताना पेनिसिलिनने मरता मरता वाचलो होतो.” सुई हवेतच थांबली. “मग ही टिक केली कुणी?” नर्सचा आवाज चिरकला. बाहेरच्या बाकांवर अजून अकरा जण होते. “मी,” मुलगी म्हणाली. “सगळ्यांच्याच नावापुढे.”