बहात्तर नंबर

बाळाला थोपटत असताना फोन वाजला. "सायकल शर्यतीतून बोलतोय. बहात्तर नंबरचे हेरंब तुमचे कोण? घाटात पडलेत. लगेच निघा."

पण हेरंब तर समोरच झोपला होता, शर्यतीच्या कालच्या पहिल्या टप्प्यानंतर तापाने फणफणलेला. "अहो, नवरा घरीच आहे माझा!" सुटकेने ती चक्क हसली.

हसता हसताच तिला सकाळ आठवली. "माझा नंबर लावून तू जा, कोण बघतंय!" म्हणत हेरंबने तो शेजारच्या मित्राला दिला होता. मित्राच्या पाठीवर त्या नंबराच्या टाचण्या तिनेच लावल्या होत्या.

तेवढ्यात मित्राची बायको आत आली. "वहिनी, गरम शिरा! आमचे डुप्लिकेट हेरंब येतीलच आता बक्षीस घेऊन."

फोनवरचा माणूस अजून विचारत होता, "मग हे कोण आहेत, ताई?"