शाल कुणी घालायची

शाल खांद्यावर पडणार, एवढ्यात फौजदार रुद्राप्पा हत्तरकींनी हात आडवा धरला.

"थांबा, चेअरमन. तुमच्या हातनं नको."

तालमीच्या हॉलमधल्या टाळ्या मधेच विरल्या. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन राजवर्धन उघडलेली शाल घेऊन तसेच उभे राहिले. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

रुद्राप्पांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस. गावानं मोठ्या हौसेनं निरोपाचा सत्कार ठेवला होता. जोतिबाच्या यात्रेत हरवलेली पोरं त्यांनी आईबापांच्या हवाली कशी केली, पुरात म्हातारीकोतारी खांद्यावर घेऊन कशी बाहेर काढली, हातभट्ट्या कशा फोडल्या, सगळं भाषणांतून आलं. एक गोष्ट मात्र कुणीच काढली नाही.

ती निघू नये म्हणून सकाळी सत्कार समितीचे आण्णा घरी येऊन गेले होते. "साहेब, जुनं काय उकरू नगासा. शाल चेअरमनच घालणार हाईत. गावानं मन मोठं केलंय, तुमीबी करा की." रुद्राप्पांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. आण्णा गेल्यावर रुद्राप्पांची बायको चन्नम्मा म्हणाली, "त्या माणसाच्या हातची शाल मी घरात ठेवून घेणार न्हाय."

आता रुद्राप्पांनी माईक जवळ ओढला.

"माझं सगळं सांगितलंसा. त्र्याण्णव सालचं तेवढं ऱ्हायलं. ते मी सांगतो."

राजवर्धन त्यांच्या कानाशी वाकले. "साहेब, घर ह्याच गावात बांधलंय तुमी. ऱ्हायाचंय हितंच."

"ऱ्हायाचंय म्हणूनच बोलतोय," रुद्राप्पा माईकवरच म्हणाले. "पावणा असतो तर जेवून गेलो असतो."

मग त्यांनी सांगितलं. त्या साली ते गावच्या चौकीत हवालदार होते. भर दुपारी राजवर्धनची धाकटी बहीण संयोगिता चौकीत धावत आली. पायांत चप्पल नव्हती. तिला दुसऱ्या जातीच्या ज्ञानूशी लग्न करायचं होतं, म्हणून घरच्यांनी तिला खोलीत कोंडून ठेवलं होतं. "परत पाठवू नका, मारून टाकतील," एवढंच ती म्हणाली. तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला न लावला, तोवर काठ्या घेऊन माणसं दारात आली. सगळ्यांत पुढं राजवर्धन होते. आमची पोरगी आमच्या ताब्यात द्या, म्हणाले. पोरगी सज्ञान होती. रुद्राप्पा चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभे राहिले. काठ्या पडल्या, खांद्याचं हाड मोडलं. कोल्हापूरहून पोलिसांची गाडी येईपर्यंत ते दारातून सरकले नाहीत.

पुढं केस झाली, पण साक्षीला गावातलं एकसुद्धा माणूस आलं नाही. सगळे सुटले. संयोगितानं ज्ञानूशी लग्न केलं आणि गाव तिला कायमचं बंद झालं. रुद्राप्पांची लांब बदली झाली. नोकरीची शेवटची वर्षं राहिली तेव्हा ते हट्टानं याच चौकीत परत आले.

"ह्यो खांदा तवा मोडला," ते म्हणाले. "ज्यानं मोडला त्यानंच त्याच्यावर शाल घालायची व्हय? शाल घालायची असंल तर संयोगिताला मानानं गावात आणा. तिच्या हातनं घेतो. तोवर मला तुमचा सत्कार नको."

"खोटं हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. "फौजदारानंच पोरगी फितवली हुती!"

राजवर्धनना जोर चढला. "ऐकलंसा? गाव काय म्हणतंय? हाय का कुणी दुसरं सांगणारं?"

रुद्राप्पांनी समोर पाहिलं. ज्यांच्या पोरांना त्यांनी गर्दीतून शोधून आणलं होतं, ज्यांच्या आयांना पाण्यातून काढलं होतं, ती सगळी माणसं खाली बघत होती. पोरगी फितवली हे बोलणं त्यांच्या पाठीमागं इतकी वर्षं चालत आलं होतं. आज पहिल्यांदा ते तोंडावर आलं. त्यांनी डोक्यावरचा सत्काराचा फेटा काढून टेबलावर ठेवला आणि चन्नम्माला उठायची खूण केली. मान ताठ होती.

ते पायरी उतरणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. राजवर्धनची आई, धोंडुबाई. मुलगी घरातून गेल्यापासून चार माणसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. शेजारणीनं तिला धरायला हात पुढं केला, तो तिनं झटकला. भिंतीचा आधार घेत ती स्टेजवर चढली आणि मुलाच्या हातातली शाल तिनं ओढून घेतली.

"आई, खाली बस," राजवर्धन दातओठ खात म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शाल रुद्राप्पांच्या खांद्यावर घातली, नीट सारखी केली. माईकशिवायसुद्धा तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"फौजदारानं न्हाय फितवली. खोलीची कडी मी काढली हुती. पोरीला म्हणलं, पळ, चौकीत जा, त्यो माणूस दारातनं हलायचा न्हाय."