घर कुणी दाखवायचं

“पप्पा, पाण्याखाली आपली घरं किती हाईत?”

शाळेतून आल्या आल्या करुणानं विचारून टाकलं. मैत्रिणींची पैजच होती. शितल तर म्हणाली होती, तुझ्यात तेवढा दम नाही. दम होता. पण पप्पा नुकतेच कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून आले होते आणि एक बूट काढून दुसऱ्याकडं नुसते बघत बसले होते.

“एकच,” ते म्हणाले. “किती असणार?”

करुणानं मोबाईल पुढं धरला. धरणावरचे दोन फोटो. दोन्हींत तेच निळं पाणी, तेच डोंगर, आणि पाण्याकडं रोखलेलं पप्पांचं बोट. गेल्याच्या आदल्या वर्षी डावीकडं. गेल्या वर्षी उजवीकडं, पार रिसॉर्टच्या अंगाला.

“शितल म्हणते, तुमचं घर पोहत असणार.”

भाकरी थापता थापता आईला हसू आलं. पप्पांना नाही.

लोक त्या धरणावर सहलीला येतात, होडीत बसतात, कणसं खातात. करुणाच्या घरचे दर मे महिन्यात जायचे ते बुडालेलं घर बघायला. आजोबा, म्हणजे आबा, होते तेव्हा टेम्पोतून उतरलं की आधी काठी उचलून पाण्यातली जागा दाखवायचे. सगळे हात जोडायचे, मग ठेचा-भाकरी. होडीत बसायचा हट्ट करुणानं दर वर्षी केला आणि दर वर्षी आबांनी तेच सांगितलं, “आपल्याच घरावरनं चपला घालून फिरायचं व्हय?” आबा गेले. तेव्हापासून जागा पप्पा दाखवतात.

“यंदा नको जायला,” पप्पा म्हणाले. “सुट्टी मिळायची न्हाई.”

“मागितली कुठं तुम्ही?” आई म्हणाली.

पप्पांनी समोरचा मोबाईल हातानं बाजूला सारला.

“धरण भरलं तवा मी आईच्या काखेत होतो. मला काय ठावं? उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर येतो. गावातली माणसं त्याच्यावरनं आपापली घरं धरतात. आपली वस्ती गावाबाहेर, घरं कुडाची. त्याचं काय वर यायचं? आबा गेल्यावर सगळी माझ्याकडं बघाय लागली. मग केला हात वर.” त्यांनी तो हात मांडीवर ठेवला. “दमलो आता.”

करुणानं खाली बसून त्यांच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

“गावाबाहेर म्हंजी कळसाच्या उगवतीलाच असणार की,” आई भाकरी उलटत म्हणाली. “वारा मावळतीकडनं येतो. आपल्या अंगावरनं गेलेला गावात शिरायला नको, म्हणून आपल्याला उगवतीला ठेवायचे. माझ्या माहेरी बी तसंच हाय.”

भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

करुणानं फोटो मोठा केला. कोपऱ्यात कळस होता, शेवाळानं काळा पडलेला, वर एक बगळा. सकाळचं कोवळं ऊन त्याच्या एकाच अंगावर पडलं होतं. त्या अंगाला तिनं बोट सरकवत नेलं. तिथं नुसतं पाणी होतं, आणि त्यावरून एक होडी चालली होती. पप्पांचं बोट दोन्ही वर्षी भलतीकडंच होतं.

तिनं मोबाईल दोघांच्या मधोमध जमिनीवर ठेवला.

“पप्पा, उद्या सुट्टी मागा. यंदापासून घर मी दाखवणार. तुम्ही नुसती भाकरी खायची.”