खेळाडूची स्थिती

हौशी व्हॉलीबॉल स्पर्धांसाठी गुण मोजणारं ॲप वडिलांनी मुलाच्या हट्टाखातर बनवलं होतं. मुलगा वारल्यानंतरचा त्याच्या संघाचा हा पहिलाच सामना, आणि तो सुरूच होईना. पडद्यावर मुलाच्या नावापुढे ‘हजर, राखीव की गैरहजर?’ एवढंच येत राहिलं. “साहेब, तुमचं ॲप सासूसारखी झाडाझडती घेतंय!” नवे पंच हसले. कर्णधाराने त्यांच्या कानात काही सांगितलं, तसं त्यांचं हसू विरलं. “काका, त्याचं नाव काढायचं का?” कर्णधारानेच दबक्या आवाजात विचारलं. पण नाव काढलं की त्याने मिळवलेले सगळे गुणही पुसले जायचे. ती चूक सुधारायची राहूनच गेली होती. ‘गैरहजर’ म्हटलं तर संघाला दंड. बटणं जरा लहानच झालीत, एवढंच वडिलांच्या मनात आलं. त्यांनी ‘राखीव’ दाबलं. मैदानालगतच्या मोठ्या पडद्यावर ते वाचून बाकावरची राखीव पोरं सरकली. एकापुरती जागा झाली.